खूण दिसली पाहिजे

तुरटीचा खडा डोक्यावरून फिरत होता — गार, ओला, खरबरीत — आणि डाव्या कानाच्या वर आला की नाहीसा होत होता. म्हणजे खडा होताच, मुंजाजी न्हाव्याचा हातही होता. तेवढ्या चार बोटं जागेत सूर्यभान मात्र नव्हता. दोन वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या नावावरून गावोगाव पेटलं, तेव्हा पालमच्या एस.टी.ची काच फोडून एक दगड आत आला आणि भरल्या गाडीतून त्याने नेमका बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी निवडला. तेव्हापासून वस्तू समोर दिसे, तिचं नाव मागच्या गाडीने येई. दोनदा परीक्षेला बसला. दोन्ही वेळा तीन तास संपले तेव्हा उत्तर वाटेवरच होतं. आता विद्यापीठाने कळवलं होतं — अर्धा तास जादा मिळेल, लेखनिक मिळेल, मेंदूला इजा झाल्याचा सरकारी दाखला शनिवारपर्यंत पोचला तर. न पोचला तर हीही परीक्षा गेली, आणि पुढच्या वर्षी घरचे पाठवणार नव्हते. आज गुरुवार.

सकाळी दवाखान्याच्या खिडकीत, कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेल्या सांबप्पा कारकुनाने फॉर्म परत सरकवला होता.

"काय ग्रॅज्युएट, हितं रकाना हाय — खूण. तुजी कुठाय?"

"के... केसांत."

"मंग सायबानं काय उवा बघितल्यावानी बघावं का? तू तर माज्यापेक्षा धडधाकट दिसायलास. खूण दिसली पायजे."

बरोबरच होतं. एखादा हात तुटला असता तर सगळ्यांचीच सोय झाली असती...

म्हणून दवाखान्याच्या भिंतीला टेकून बसणाऱ्या मुंजाजीपुढे मांडी घालून तो "सगळे काढा" म्हणाला. दाखल्यासाठी, हे वाक्य जुळवेपर्यंत वस्तरा लागला होता. मुंजाजीने काही विचारलं नाही. दवाखान्याच्या दारातून येऊन कोणी "सगळे काढा" म्हणालं की विचारायचं नसतं. या भिंतीशी बसून तो एवढं शिकला होता. त्याच रीतीने त्याने हनुवटी वर उचलली, मिशी उतरवली, मागे शेंडी तेवढी राखली.

"थोरला का तू?" तुरटी पुसत त्याने विचारलं.

सूर्यभानने मान हलवली. थोरला तर तो होताच.

"आयला संबाळ आता."

वरच्या ओठाला वारा लागला तेव्हा उमगलं. मिशी माणूस बापासाठी काढतो. आणि बाप, किशनराव, या घडीला पालमच्या शिवारात कोळप्यामागे बैलांना शिव्या घालत असणार. अहो, तसं नाही — असं म्हणायचं होतं. 'अहो' सापडलं तोवर दुसरं गिऱ्हाईक बसलं होतं. काही वाटायला हवं होतं. भीती, निदान हसू. त्या चार बोटं जागेसारखंच सगळीकडे होतं.

खिडकीपाशी सांबप्पा उभा राहिला. तीन खेपांत पहिल्यांदाच. डोक्याकडे बघितलं, मग ओठाकडे, आणि चष्मा काढला.

"आरं देवा... आतच ॲडमिट हुते व्हय? आन मी तुला खुणा इचारायलोय." त्याने दंड धरला, रांग ओलांडून थेट साहेबांपुढे नेलं आणि कानात काही पुटपुटला.

साहेब नवे होते, पुण्याकडचे. "आज वार कोणता?"

गुरुवार निघाला होता...

"बरं, वडिलांचं नाव?"

किशनराव. कि... ओठ बंद झाले, उघडले. नाही साहेब, ते आहेत. हेही निघालं होतं.

"राहू द्या," साहेब मऊ आवाजात म्हणाले. "आज तपासण्यात अर्थ नाही. धक्का बसलेला माणूस असाच बोलतो. हे मेंदूचं की दुःखाचं, मी कागदावर काय लिहू? तेरावं होऊ द्या, मग या."

शास्त्र म्हणून बिनतोड होतं. खूण उघडी, लखलखीत होती. ती पाहायला कोणी मान वाकवली नाही.

बाहेर बाकावर सांबप्पाने चहा आणला, बशीत ओतून हातात दिला आणि शेजारी टेकला.

"माजा बा गेला तवा तिसऱ्या दिशी मी हापिसात," तो समोर बघत म्हणाला. "आमच्यात डोकं न्हाई काढीत. बसवून पुरतेत, झालं. मी आलो, खिडकी उगडली. लोकं म्हनायलेत, सांबप्पा, आज लय सुस्त हायीस! कुनी इचारलं न्हाई. इचारतील कशाला, दिसायलंच काय हुतं?"

सूर्यभानच्या तोंडात वाक्य आलं. वडील जिवंत आहेत, साहेबांना सांगा. अख्खं, एकही शब्द न सांडता. दहा पावलांवर साहेबांचं दार अजून उघडं होतं. आत ते हात धुताना दिसत होते.

"पानी मीच पाजलं हुतं," सांबप्पा म्हणाला. "शेवटचं."

चहाने जीभ भाजली — भाजल्याचं लगेच कळलं. छातीत कुठेतरी दुखू लागलं होतं, कोणासाठी ते ठरायचं होतं. वाक्य तयारच होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा ते अडलेलं नव्हतं, त्यानेच ते धरून ठेवलं होतं... साहेब टॉवेल शोधत होते. सांबप्पा बोलत होता, आणि तो ऐकत होता.