मास्तरांचा पाय

मास्तर गाडी शिकवायला लागले की पहिला धडा टक्करीचा. "गाडी बंद करा, खाली उतरा, आधी माणूस बघा, आणि चूक आपली असेल तर आपल्या तोंडाने सांगा." ऐकून ऐकून शिकणाऱ्यांचे कान किटायचे, पण मास्तर हटायचे नाहीत.

त्या सकाळी गाडी चालवत होती एक शिवणकाम करणारी बाई. तिच्या नवऱ्याची नजर गेलेली, दारातली गाडी धूळ खात पडलेली. ती आता आपणच चालवायची आणि नवऱ्याला पुन्हा बाहेर न्यायचं, असं तिने मनावर घेतलं होतं. चढावर हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धाच दाबून, तिने गाडी अशी झकास धरली की मास्तर निर्धास्त झाले. शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही क्लच-ब्रेक असतात. इकडचा दाबला की तिकडचाही खाली जातो. मास्तरांनी आळस देत पाय ताणले आणि एक पाय नेमका क्लचवर पडला. क्लच पूर्ण खाली गेला, गाडी सुटली, मागे घसरली आणि धाडकन मागच्या गाडीवर आदळली.

"क्लच दाबलात ना!" मास्तर खेकसले. जिभेला सवयच तशी!

बाईचा चेहरा पांढराफटक पडला, पण धडा पाठ होता. गाडी बंद करून, हँडब्रेक ओढून ती मागे धावली. "काका, लागलं का हो? चूक माझी आहे." मागच्या गाडीतले म्हातारे गृहस्थ मनगट चोळत तिला फाडफाड बोलत होते, "येत नाही तर चालवता कशाला?" ती खाली मान घालून त्यांच्या मनगटाला आपला रुमाल बांधत होती. आणि मास्तर? ते जागचे हललेसुद्धा नव्हते. आरशात सगळं दिसत होतं आणि लाजेने त्यांचे कान तापले होते.

बाई खिडकीशी आली. "मास्तर, उद्यापासून मी येत नाही. पाय कधी खाली गेला, कळलंच नाही मला. आमचे हे शेजारी बसलेले असते तर? नकोच ते."

गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. मास्तर उतरले आणि म्हाताऱ्यांसमोर उभे राहिले. "काका, यांना बोलू नका. क्लच माझ्या पायाने दाबला. चूक माझी."

बाई बघतच राहिली. "मग मघाशी माझ्यावर का ओरडलात?"

मास्तर काकांच्या गाडीकडे वळले.

ती त्यांनी कडेला लावली. त्यांना दवाखान्यात न्यायचं ठरलं. मास्तर सवयीने चालवायला पुढे झाले, तर बाई आधीच दाराशी. "मी चालवते. काका, तुम्ही मागे बसा. आणि मास्तर, पाय वर घ्या."

मास्तर मुकाट्याने सीटवर मांडी घालून बसले. चढावर गाडी पुन्हा हाफ क्लचवर आली, तेव्हा बाईने आधी त्यांच्या पायांकडे बघितलं आणि मग रस्त्याकडे.