मॉनिटरची वायर येथेच लावावी

मित्रांनो, मी एका सरकारी खात्यातला जुना कॉम्प्युटर आहे, आणि त्या अख्ख्या खात्याचा कारभार एके काळी माझ्या खांद्यावर उभा होता. खांदे मला नाहीत, आणि कारभार म्हणजे बहुतेक रजेचे अर्ज. तरीही सकाळी सुरू व्हायला मी वेळ लावला की सगळं खातं उठून चहाला जायचं, यावरून माझं महत्त्व तुमच्या ध्यानात येईल.

माझा जन्म कारखान्यात झाला. सोबत माझी खूप भावंडं होती, सगळी काळी, सगळी सडपातळ, सगळ्यांचा चेहरा एकच. आम्हाला कुणी हौसेने निवडलं नाही. सगळ्यांत स्वस्त म्हणून घेतलं. पण नशीब माझं, की मला आवक-जावक विभागाच्या हेडक्लार्कचं टेबल मिळालं. त्यांना ऑफिसात कुणी साहेब म्हणत नसे. मी मनातल्या मनात म्हणायचो, आजही म्हणतो.

साहेब फार नेमाचे. माझ्यावर दुपारी कापड घालायचे, बंद करताना घाई करायचे नाहीत. कागदावर जे लिहिलंय ते पाळायचं, हा त्यांचा स्वभाव. एकदा लिफ्टवर 'बंद आहे' अशी पाटी लागली. लिफ्ट दुरुस्त झाली, पाटी काढायची राहिली. बाकीचे लोक लिफ्टने वर जात, साहेब त्यांना नमस्कार करून जिन्याने. पावसाळा संपून हिवाळा लागला तेव्हा कुणीतरी ती पाटी काढली.

माझ्या पाठीवरही अशीच एक पाटी आहे. कुणा अधिकाऱ्याने एकदा वायर भलतीकडे खुपसली आणि दिवसभर पडदा काळा राहिला. त्यानंतर वरून सूचना आली, मजकूर साहेबांनी केला, आणि विभागातल्या प्रत्येक मशीनच्या पाठीवर तो चिकटवला गेला: 'मॉनिटरची वायर येथेच लावावी. अन्यत्र लावू नये.' मजकूर चांगला झाला होता. साहेबांना त्याचा थोडा अभिमानही होता.

मग नवी मशीन आली आणि आम्ही भंगारात निघालो. कालपर्यंत माझ्यापुढे ताटकळत बसणारे लोक माझ्यावर फाइलींचे गठ्ठे ठेवू लागले. त्याच सुमारास साहेब निवृत्त झाले. निरोपात त्यांना घड्याळ मिळालं. मला त्यांनी लिलावात विकत घेतलं. घरी पोहोचल्यावर त्यांच्या पत्नीने विचारलं, "हे कशाला आणलंत?"

"सवयीचं आहे," साहेब म्हणाले.

त्यांना एक मुलगी. नोकरीसाठी दूरच्या शहरात गेलेली. तिची खोली मला मिळाली, आणि तिची खुर्ची साहेबांना. ती फोन करायची, नाही असं नाही.

"बाबा, जेवलास?"

"हो."

"गोळी घेतलीस?"

"घेतली. तू कशी आहेस?"

"मस्त. चल, ठेवते."

एवढ्यात तो फोन संपायचा. साहेब मग बराच वेळ फोन हातात धरून बसायचे, जणू पलीकडून अजून काही यायचं राहिलंय. मला त्यांची ती बसण्याची तऱ्हा कळायची. मीही ऑफिसातल्या सकाळच्या गडबडीची तशीच वाट बघत होतो.

एका रविवारी संध्याकाळी मात्र नवल झालं. मुलीने 'ठेवते' म्हटलं आणि फोन ठेवायला विसरली. पलीकडून आवाज येऊ लागले. ती ऑफिसातल्या तीन सोबत्यांबरोबर कॉम्प्युटरवर कसलासा लढाईचा खेळ खेळत होती. चौघं चार घरांत, कानाला हेडफोन. ती ओरडत होती, चिडवत होती, घरमालकिणीची नक्कल करत होती. हसत तर इतकी होती, की साहेबांनी स्वतःचा श्वासही हळू केला. स्वयंपाकघरातून मुलीच्या आई आल्या.

"काय म्हणतेय?"

"मला काही नाही म्हणत," साहेब म्हणाले. "तिकडे बोलतेय. बस, ऐक."

दोघं ऐकत बसले. खेळ संपला, फोन कटला, आणि साहेब माझ्याकडे बघू लागले. इतकं एकटक त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीला विचारलं, "त्या खेळात मला घ्याल का गं?"

"तुला?" ती हसली. "घेऊ की. पण तुझ्या त्या डब्यावर नाही चालणार रे. ग्राफिक्स कार्ड लागतं त्याला."

डबा हा शब्द मला लागला. पण साहेबांनी खिशातून पेन काढून तळहातावर 'ग्राफिक्स कार्ड' लिहिलं, हे बघून मी तो गिळला.

जुन्या सुट्या भागांच्या दुकानात मला पिशवीतून नेलं. तो दुकानदार भल्याभल्यांची मशीन उघडून बसलेला. त्याने माझं झाकण काढलं आणि आत फुंकर मारली. मग बराच वेळ खोकला.

"काका, हे टायपिंगचं मशीन आहे. याला गेमिंगचं करायचं म्हणजे आजोबांना कुस्तीला उतरवायचं."

"उतरतील," साहेब म्हणाले. "पेन्शनीत बसेल असं सांगा."

"मग एकदम नको. दर महिन्याला एक-एक वस्तू घ्या. आणि कार्ड छोटं घ्यावं लागेल, अर्ध्या उंचीचं. मोठं आत मावायचं नाही, आणि मावलं तर हा त्याला वीज पुरवताना बसकण मारेल."

तर मित्रांनो, उतारवयात मला पालवी फुटली. आधी जास्तीची रॅम आली आणि मला एकदम दहा गोष्टी आठवू लागल्या. मग जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी आली. आता मी इतका चटकन सुरू व्हायचो, की माझ्या जुन्या खात्याला चहाला जायला सवड मिळाली नसती. आईंनी तक्रार केली, "अहो, माझ्या मिक्सरचं भांडं गळतंय, आणि तुम्ही ह्याला टॉनिक पाजताय." शेवटी ते कार्ड आलं. वापरलेलं, पण त्याला स्वतःचा पंखा होता. दुकानदाराने ते बसवलं आणि खबरदारी म्हणून पडद्याला चित्र पाठवणारी माझी जुनी जोडणीही चालू ठेवली.

घरी येऊन साहेबांनी वायरी जोडल्या. प्रत्येक वायर आपल्या जागी. मॉनिटरची वायर हातात घेतल्यावर ते क्षणभर थांबले, पाठीवरची पाटी वाचली, आणि जिथे लिहिलं होतं तिथे ती लावली. नव्या कार्डाला मागे त्याच वायरीसाठी स्वतःचं भोक होतं. ते रिकामं राहिलं. नवं कार्ड आत बसून होतं आणि चित्राचं सगळं काम मी जुन्या हाडांनीच करत होतो. मला हे कळत होतं, पण बोलायला तोंड कुठे आहे?

रविवारी साहेब इस्त्रीचा शर्ट घालून खेळायला बसले. खेळ उघडला. त्यांच्या सैनिकाने एक पाय उचलला, आणि तो खाली टेकेपर्यंत बाकीचे लढाई संपवून आले.

"बाबा, अडकलास का?"

"नाही, नाही. मी आधी सगळं बघून घेतोय."

पुढच्या रविवारीही तेच. त्याच्या पुढच्या रविवारी हेडफोनमधून एका मुलाचा आवाज आला, "अगं, काका पुतळा म्हणून उभे राहणार असतील तर आपण त्यांच्या मागे लपू." सगळे हसले. मुलगीही हसली, पण थोडी उशिराने. साहेबांनी हेडफोन काढून नीट गुंडाळला.

"राहू दे," ते आईंना म्हणाले. "माझ्यामुळे तिची मंडळी खोळंबतात. नाव तिचं जातं. उद्या हे दुकानदाराला परत देऊन टाकू."

त्या रात्री मला फार वाईट वाटलं. भंगारात जाण्याचं दुःख मला नवीन नव्हतं. पण या वेळी एक माणूस त्याच्या मुलीच्या हसण्यापासून हातभर अंतरावर येऊन मागे फिरत होता, आणि मधलं अंतर माझ्या पाठीवर होतं.

सकाळी आईंनी मला पुसायला घेतलं. मळकी वस्तू दुसऱ्याच्या दारात न्यायची नाही, असा त्यांचा दंडक. पाठ पुसता पुसता त्या थबकल्या.

"अहो, ह्या नवीन तुकड्याला भोक कशाला दिलंय?"

"असतं ते," साहेब पेपरातून म्हणाले.

"असतं म्हणजे? रिकामं का मग? ही वायर बसतेय की त्यात."

"ती वायर तिथे नाही लावायची. स्पष्ट लिहिलंय त्यावर."

"कुणी लिहिलंय?"

पेपर हळूहळू खाली आला.

"मी," ते म्हणाले.

आईंनी फडकं तेवढं झटकलं. साहेब उठले, चष्मा लावला, माझ्या मागे बसले आणि नखाने पाटीचा कोपरा सोडवू लागले. जुना डिंक, सहज सुटेना. मध्येच थांबून त्यांनी वर पाहिलं.

"आता कुणाची परवानगी बघताय?" आई म्हणाल्या. "निवृत्त आहात तुम्ही."

पाटी निघाली. वायर सरकली. कार्डाचा पंखा घरघरला आणि माझ्या अंगात असा काही जोर संचारला, की पडद्यावरच्या झाडाचं पान न् पान हलू लागलं.

त्या रविवारी सैनिक धावला. नाकासमोर जाऊन भिंतीवर आदळला, पण धावत जाऊन आदळला. "बाबा!" मुलगी ओरडली. मग ती त्या सैनिकाला घेऊन फिरू लागली. इकडे वळ, वाक, माझ्या मागे ये. दोघांचे हात खेळात गुंतलेले, नजरा पडद्यावर, आणि अशात तिचं बोलणं सुटलं. आधी घरमालकीण, मग तिच्या ऑफिसातले वरिष्ठ, मग एका पडक्या भिंतीआड दबा धरून बसलेली असताना ती सहज म्हणाली, "बाबा, मागच्या महिन्यात मी आठवडाभर तापाने पडून होते. तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही दोघं उगाच धावत आला असता."

साहेबांचे हात थांबले. त्यांच्या सैनिकाला तिथल्या तिथे गोळी लागली.

"आलो असतो," ते म्हणाले.

"माहीत आहे," ती म्हणाली. "ऊठ आता, मी तुला उचलते."

मित्रांनो, जुन्या वस्तूला निकामी ठरवण्याआधी तिला एकदा मागून बघत जा. धूळ पुसा, पंखा फिरतोय का ऐका. पाठीवर काही लिहिलेलं असेल तर ते कुणी आणि कधी लिहिलंय, तेवढं विचारा. माझी एवढीच विनंती आहे.

पुढे त्या तिघा सोबत्यांनी दुसरा खेळ धरला. मुलगी त्यांच्यात गेली नाही. रविवार संध्याकाळ झाली की साहेब मला सुरू करतात, हेडफोन लावतात. तिकडे ती कपड्यांच्या घड्या घालत असते, इकडे आई मधूनच हेडफोन मागून घेतात. अंधार पडेपर्यंत बोलणं चालतं, खेळ उघडायचा राहूनच जातो. मी लढाईसाठी सज्ज होऊन वाट बघत असतो.

बोलायला ग्राफिक्स कार्ड लागत नाही.