खंडेनवमीची भट्टी

गुरुदत्त पाटगावकरला शिसं वितळवायची काही गरज नव्हती. गरज होती शेजारच्या हॅरल्डला. हॅरल्ड सत्तरीचा, कारखान्यातून रिटायर झालेला. क्लबात जाऊन जुन्या धाटणीच्या रायफलीने कागदावरच्या गोलात गोळ्या मारणं हा त्याचा छंद, आणि त्या गोळ्या तो घरीच ओतायचा: कॅम्पिंगच्या स्टोव्हवर, तीन पायांपैकी अडीच पाय शाबूत असलेल्या भांड्यात. एका रविवारी कुंपणापलीकडून गुरुदत्तने हा प्रकार पाहिला आणि हातातला झाडू तसाच टाकून तो पलीकडे गेला.

गुरुदत्त मूळचा फाउंड्रीतला माणूस. कोल्हापूरच्या उद्यमनगरात नऊ वर्षं आणि डेट्रॉइटच्या आसपास तेरा वर्षं त्याने लोखंड ओतलं होतं. मग ब्याऐंशीच्या फेब्रुवारीत कंपनीने त्याला, त्याच्या बॉसला आणि त्या दोघांना कामावरून काढल्याची पत्रं टाइप करणाऱ्या बाईला, एकाच दुपारी घरी पाठवलं. त्याला आता दीड वर्ष झालं होतं. बायको, उत्तरा, रोज हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला जायची आणि हा मागे राहून मसाल्याचे डबे घनतेच्या क्रमाने लावायचा. मीठ सगळ्यात खाली.

त्यामुळे हॅरल्डला भट्टी बांधून देतो, असं त्याने सांगितलं, तेव्हा उत्तराने हरकत घेतली नाही. कुठला प्राणी मारायचाय, एवढंच विचारलं.

"कागद," गुरुदत्त म्हणाला. "कागद शाकाहारी आहे."

तिच्या अटी मात्र होत्या. त्याने दर महिन्याला रक्त तपासून घ्यायचं, भट्टीवरचे कपडे घरात आणायचे नाहीत, आणि स्वयंपाकघरातल्या एकाही भांड्याकडे बघायचं नाही. शिशाला लागलेला चमचा मेला असं समजायचं.

भट्टी हॅरल्डच्या गराजमध्ये उभी राहिली. खाली भट्टीच्या विटा, त्यावर गॅसचा बर्नर, बर्नरवर बिडाचं जाड भांडं आणि भोवती वारा अडवायला पत्र्याचं कडं. गराजचं दार सताड उघडं, शिवाय धूर बाहेर ओढायला खिडकीत पंखा. गाडीच्या चाकांचा तोल साधायला शिशाचे तुकडे लावतात, ते वापरून झालेले टायरच्या दुकानातून बादलीभर आणले. ते वितळले की त्यांना चिकटलेल्या लोखंडी पट्ट्या वर तरंगायच्या, त्या झाऱ्याने काढायच्या. मग मेणाचा तुकडा टाकून ढवळायचं, म्हणजे मळी वर येते. एकदा मेण संपलं, तर गुरुदत्तने खवट झालेलं साजूक तूप टाकून पाहिलं. मळी उत्तम आली. आजूबाजूच्या चार घरांना मात्र हॅरल्डच्या गराजमध्ये होमहवन चालू असल्याचा वास आला, आणि हॅरल्ड म्हणाला की त्याला उगीचच पवित्र वाटतंय.

हॅरल्डला हव्या होत्या चाळीस गोळ्या. गुरुदत्तने त्याला दिला एक विभाग. प्रत्येक ओतीला नंबर, तपमानाची वही, दर शनिवारी भांडं खरवडून गंज काढणं, आणि भिंतीवर एक पाटी. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला तर क्षणात त्याची वाफ होते आणि ती सगळं शिसं अंगावर उडवते, म्हणून भट्टीजवळ काय काय आणायचं नाही त्याची पाटीवर यादी होती: पाणी, घाम, बर्फ, कोक, बिअर, ओलं भंगार, ओला कुत्रा. हॅरल्डकडे कुत्रा नव्हता. तरीही लिहिलेलं बरं, असं गुरुदत्तचं मत पडलं.

हॅरल्ड ही पाटी क्लबात सगळ्यांना कौतुकाने सांगायचा. ते ऐकणाऱ्यांत लॉइड होता. लॉइडचा जवळच ओतकामाचा लहानसा कारखाना होता आणि वितळवण्याच्या खात्यावरचा माणूस त्याला सोडून गेला होता. पाटीत कुत्र्याचाही विचार करणारा हा माणूस बघायला हवा, असं तो म्हणाला. शनिवारी सकाळी येतो.

ही बातमी आल्यापासून गुरुदत्तला झोप नव्हती. दीड वर्षात त्याने एकशे बारा अर्ज केले होते आणि समोर बसून बोलायला कोणी बोलावलं नव्हतं. आता एक माणूस स्वतःच्या पायांनी त्याची भट्टी बघायला येणार होता. इथे जमलं नाही तर पुन्हा मसाल्याचे डबे होतेच.

शुक्रवारी उत्तराने कॅलेंडर बघितलं आणि म्हणाली, "अहो, उद्या खंडेनवमी. तुमच्या भट्टीची पूजा करणार ना?"

गुरुदत्तला हा शकुनच वाटला. उद्यमनगरात खंडेनवमीला मशीन न् मशीन झेंडूने सजायचं आणि मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे रांगेने हळदकुंकू वाहायचे. अमेरिकेत आल्यापासून त्याच्याकडे पूजा करण्यासारखं हत्यार नव्हतं. एका वर्षी त्याने गवत कापायच्या यंत्राला कुंकू लावलं होतं, पण मनातून काही वाटलं नव्हतं. यंदा भट्टी होती.

शनिवारी लॉइड आला. कमी बोलणारा, उंच माणूस, डोक्यावर नवी कोरी हॅट. गुरुदत्तने त्याला गॉगल आणि एप्रन दिला आणि सगळं दाखवलं. शिसं आरशासारखं वितळलेलं होतं, तपमान सातशे फॅरनहाइट, वहीत नोंद. त्याने सात गोळ्या ओतून दाखवल्या. सातही गुळगुळीत. लॉइड पाटीपाशी थांबून कुत्र्यापर्यंत वाचत गेला आणि त्याने मान हलवली. हॅरल्डने गुरुदत्तकडे बघून डोळा मारला.

मग गुरुदत्तने दोन मिनिटं मागितली. पत्र्याच्या कड्याला कुंकवाचं बोट लावलं, खाली एक फूल ठेवलं, हात जोडले. सुपरमार्केटातला शेंडी नसलेला नारळ उचलला आणि भट्टीसमोरच्या विटेवर पूर्ण श्रद्धेने हाणला.

बार झाल्यासारखा आवाज झाला. सगळे खाली बसले. उठले तेव्हा गराजचं छत चांदीचं झालं होतं. माणसांना कोणाला काही लागलं नाही. गॉगल होते, चामड्याचे एप्रन होते. लॉइडच्या हॅटला मात्र एक भोक होतं आणि त्याच्या कडा चमकत होत्या.

गुरुदत्तने पहिल्यांदा गॅस बंद केला. मग वही उघडली आणि उभ्या उभ्या लिहिलं: अपघात. कारण, पाणी. जबाबदार, मी. लिहिता लिहिता त्याच्या लक्षात आलं की नारळाच्या आत पाणी असतं, हे आपल्याला जन्मापासून माहीत आहे. पण ते कधी पाणी वाटलंच नव्हतं. ते नारळाचं होतं.

आणि उद्यमनगरात इतकी वर्षं नारळ फुटले, तेव्हा असं कसं झालं नाही? तो विचार करत राहिला. मग त्याला आठवलं. त्या दिवशी भट्टी थंड असायची. आदल्या संध्याकाळीच विझवलेली. पूजेच्या दिवशी हत्याराला काम सांगायचं नसतं, हे तर त्याची आई विळीच्या बाबतीतसुद्धा पाळायची. त्याला फुलं आठवली, कुंकू आठवलं, नारळ आठवला. विसरला तो विश्रांती. समुद्रापलीकडे येताना त्याने रीत आणली होती, पण तिचा निम्माच भाग आणला होता.

लॉइडने हॅट काढून भोकातून एकदा प्रकाशाकडे पाहिलं. हे काय होतं, असं त्याने विचारलं. गुरुदत्तने सगळं सांगितलं, विश्रांतीसकट. हॅरल्ड मधे म्हणाला की गुरू एरवी फार काळजीपूर्वक काम करतो.

"माझ्याकडे आलात तर तिथेही हे करणार?" लॉइडने विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं. एकच शब्द, आणि कदाचित नोकरी. पण छताकडे बघत खोटं बोलणं गुरुदत्तला जमेना.

"करेन," तो म्हणाला. "पण त्या दिवशी भट्ट्या बंद लागतील. वर्षातून एक दिवस."

"माझ्या भट्ट्या सात वर्षं बंद झालेल्या नाहीत."

हे लॉइड अभिमानाने म्हणाला होता. गुरुदत्तला मात्र खरोखरच काळजी वाटली. भट्टीच्या आत विटांचं अस्तर असतं, ते हळूहळू झिजतं, आणि ते पार झिजलं की सगळा वितळलेला माल जमिनीवर येतो.

"सात वर्षं?" त्याने विचारलं. "मग आतलं अस्तर कोण बघतं?"

छतावरून थंड झालेला शिशाचा एक तुकडा सुटला आणि टप्पकन विटेवर पडला. मग लॉइडने भोक पडलेली हॅट डोक्यावर ठेवली आणि गॉगल, एप्रन परत दिले.

"सोमवारी सात वाजता या," तो म्हणाला. "नारळ नंतर. आधी भट्ट्या बंद कशा करायच्या ते बघू."