लाल ठिपका, निळा ठिपका

शनिवारी सकाळपासून दमयंतीचा जीव थाऱ्यावर नव्हता. मिरजोळ्याच्या कर्णबधिर मुलांच्या संस्थेत ती कारकून, आणि तिची लेक सानवी तिथेच शिकायला. मुंबईच्या चाकरमान्यांना दरवर्षी मदतीची पत्रं जायची. लिहायचे अर्थातच कार्यवाह भिकाजीनाना. चार पानं, त्यातली अडीच संस्थेच्या इतिहासाची! उत्तरं वर्षागणिक कमी होत चाललेली. यंदाही तेच झालं तर बोलायला शिकवणाऱ्या बाईंना जूनपासून नारळ मिळणार होता. त्या बाईंमुळेच तर सानवी हल्ली 'आई' म्हणायला लागली होती.

म्हणून दमयंती हट्टालाच पेटली. तिने एका आईच्या तोंडून एक पानभर पत्र लिहिलं आणि म्हणाली, "नाना, आधी पाचशे तुमची पाठवू, पाचशे माझी. परतीच्या पाकिटावर तुमचा लाल ठिपका, माझा निळा. ज्याची पाकिटं जास्त, ते पत्र बाकीच्या सहा हजारांना." नानांचा आपल्या लेखणीवर दांडगा विश्वास, ते लगेच कबूल झाले. वशिला नको म्हणून तिने यादीतली नावं एकाआड एक वाटली.

आज दुपारी बाराला छापखान्याला निरोप द्यायचा होता. वहीत लाल एकतीस, निळी एकतीस. अकराला पोस्टमन आला आणि एकच जाडजूड पाकीट टेकवून गेला. ठिपका लाल.

"संपलं गो!" नाना खुर्चीतून उठलेच. "लिही, बत्तीस."

दमयंतीला पाकीट तर फोडायलाच हवं होतं. आत एक चेक, तेवीस जणांच्या नावांची यादी आणि एक चिठ्ठी. पत्ता सगळ्यांचा एकच. तिने कपाळाला हात लावला. केळशीकडच्या एका वाडीतले हे लोक मुंबईत वाडीने मिळून घेतलेल्या खोलीत एकत्र राहत होते. नावं एकाआड एक वाटली खरी, पण दोन्ही पत्रं गेली एकाच खोलीत! कोकणात जन्म काढून एवढं ध्यानात येऊ नये म्हणजे कमालच झाली.

"नाना, हे कुणाच्याच खात्यात धरता येणार नाही."

"पाकीट लाल आहे ना?" म्हणत नानांनी चिठ्ठी ओढून घेतली आणि मोठ्याने वाचू लागले. "रविवारी दोन्ही पत्रं सगळ्यांसमोर वाचली. मोठं पत्र दुसऱ्या पानावर सोडलं, माफी असावी. लहान पत्र आमच्या बाबल्याने वाचलं. मधेच त्याचा आवाज बसला, तेव्हा दुसऱ्याने पुरं केलं. पाकीट लाल ठिपक्याचं वापरलं, कारण ते मोठं होतं, यादी नीट मावली."

नानांनी चिठ्ठीची घडी घातली. मग ते हळूच म्हणाले, "तुझं पत्र दे बघू. मी ते वाचलंच नाही गो."

महिनाभर नानांची झुंज चालली होती ती न वाचलेल्या पत्राशी! दमयंतीने पान पुढे केलं. नानांनी चष्मा लावला. पान संपायच्या आतच त्यांनी छापखान्याला फोन लावला. "रितेश, माझं राहू दे. दुसरं छाप. सहा नको, आठ हजार, जास्तीची वाडीवाडीच्या खोल्यांत वाटू."

"पण नाना, वहीत अजून बरोबरीच आहे," दमयंती कशीबशी म्हणाली.

"असू दे. बाईंना सांगून ये जा, जूनमध्ये वर्ग आहे म्हणून."

आनंदाने तिला रडूच फुटलं, आणि ती वही उघडी टाकून वर्गाकडे धावत सुटली.