उन्हात ठेवलेलं जहाज

राजुरातल्या बायकांले पक्कं माहीत आहे का माझ्या, म्हणजे भागीरथाबाईच्या, तोंडाले लागायचं नाही. कपिलचा बाप गेला तेव्हा भाऊबंद म्हणाले, बाईच्यानं शेती होत नाही. म्या त्यांच्या डोळ्यांदेखत कपाशीची पराटी उभी केली अन् पोरालेही शिकवलं. आता तो मालवाहू जहाजावर इंजिनात काम करते. कोळशाच्या धुळीत वाढलेला पोरगा समुद्रावर गेला, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याले सांगते. कोणी विचारलं नसलं तरी सांगते.

मागच्या सुटीत त्यानं बायकोसाठी एक खोकं आणलं. मले वाटलं साडी असन. उघडून पाह्यलं तर आत लाकडाच्या काड्या.

"हे काय रे? चूल पेटवाले आणलं काय?"

"माय, हे जोडलं का जहाज होते. मी नसलो का दीपमालेचा जीव रमन."

"अन् भाकऱ्या कोण करन? जहाजाचा कप्तान?"

कपिल हसला. दीपमाला नाही हसली. माझ्या बोलण्यावर गल्लीतल्या बाया पोट धरून हसतात. ही सून मात्र मान खाली घालून आपलं काम करते. हेच मले खुपते.

तो गेल्यावर ती दुपारची भांडी आटोपून खोकं घेऊन बसायची. आधी जहाजाचा कणा केला, मंग त्यावर आडव्या फासळ्या बसवल्या. मी म्हणायची, "मेल्या मासोळीचा सांगाडा बरा दिसते." ती मोबाईलवर व्हिडिओ लावायची. त्यातला माणूस हिंदीत सांगे, पट्टी एक इधर की लगाओ, फिर एक उधर की. एक इकडून, एक तिकडून. म्या म्हटलं, हा काय टिपऱ्यांचा खेळ आहे?

फासळ्यांवर पातळ पट्ट्या चिकटवायचं काम सुरूच व्हायचं होतं, तेवढ्यात केळापूरहून तिच्या बापाच्या डोळ्याच्या ऑपरेशनचा फोन आला. तिनं जहाज कपाटावर ठेवलं अन् जाताना म्हणाली, "आई, याले हात नका लावू. रविवारी कपिलले दाखवाचं आहे. त्यानं जहाजावरच्या सगळ्याइले सांगून ठेवलं."

नका लावू! माझ्या घरात मले!

शेजारच्या रुखमाबाईजवळ म्या बोलून दाखवलं, "माझ्या हाती दिलं असतं तर एका दिवसात उभं केलं असतं."

रुखमाबाई कुरडयांचा चीक हाटत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग कर ना व. तोंडानं तर साऱ्या गावाचं वावर पेरतं तू."

झालं. म्या जहाज खाली काढलं.

वावर कसं पेरतात ते मले कोणी शिकवाले नको. एका धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, तास धरायचं अन् ओळीनं दुसऱ्या धुऱ्यापर्यंत जायचं. मधातच उडी मारून पलीकडं पेरत बसला तर बैलही हसन. म्हणून म्या एकच बाजू धरली. पट्ट्या भाताच्या गंजात गरम पाण्यात भिजवल्या. त्या मऊ झाल्या, फासळ्यांवर छान वाकल्या. एकीखाली एक लावत गेली. नाकाजवळ जागा कमी पडे, तिथं पट्ट्या एकमेकींवर चढत. जास्तीची टोकं अडकित्त्यानं उडवली. खरं सांगायचं तर मजा आली. सुपारीपेक्षा नरम लाकूड, अन् समोर जहाजाची कूस भरत चाललेली. एक बाजू पुरी भरली तेव्हा मी उठून दाराशी गेली अन् तिथून पाह्यलं. कोणी आलं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

मंग वाळवायचं कसं? एप्रिलचं ऊन. गच्चीवर माझ्या कुरडया वाळतच होत्या. त्यांच्या बाजूले जहाज ठेवलं. आमच्याकडं जे ओलं ते उन्हात, दुसरं काय?

संध्याकाळी कुरडया काढाले गेली अन् पाहातच राह्यली. जहाजाचा कणाच पिळला होता. तुरीची वाळली शेंग कशी उकलताना मुरगळते, तसं ते भरल्या बाजूकडं मुरगळलं होतं. पट्ट्या आकसून मधात बोटभर फटी पडल्या होत्या. नाकाजवळच्या दोन पट्ट्या तर सुटून वर आल्या होत्या. म्या दोन्ही हातांनी दाबून पाह्यलं. आतून कटकन आवाज आला. तेव्हा हात काढला.

जिन्याखाली रुखमाबाई उभी होती. तिनं माझ्या हातातलं पाह्यलं.

"हे काय झालं व?"

अन् माझ्या तोंडाले, ज्याले कधी शब्द कमी पडत नाही, पहिला शब्द सुचला तो हा, "सून ओलंच टाकून गेली मायेराले. आजकालच्या पोरी! सुरू करतात अन् सोडतात."

"अरेरे," रुखमाबाई म्हणाली. तिनं खरं मानलं का नाही ते मले कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी नळावर दोघी बाया मलेच सांगू लागल्या, तुमच्या सुनेच्या हाताले काही वळण नाही म्हणून. मी हो म्हटलं. घागर उचलली अन् घरी आली.

शनिवारी दीपमाला आली. चहा घ्याले म्हणून रुखमाबाई पाठोपाठ घुसलीच. दीपमालेनं कपाटाकडं पाह्यलं, म्या परत तिथंच ठेवलेलं जहाज खाली घेतलं. अडकित्त्यानं चेचलेल्या टोकांवरून बोट फिरवलं. मंग माझ्याकडं पाह्यलं. थोडंसंच.

"सासू म्हणे तू ओलं ठेवून गेलती," रुखमाबाई म्हणाली.

मी चहाच्या कपात पाहात राह्यली. आता ही बोलन. बोलाव तिनं, मंग मी दोन द्याले मोकळी.

"हो ना मावशी," दीपमाला म्हणाली. "माझ्याच हातून झालं."

आजवर म्या लोकांची लाज काढली. माझी लाज दुसऱ्यानं झाकावी, अन् तेही तिनं, अशी वेळ कधी आली नव्हती. त्या रात्री तिच्या हातची भाकर म्या अर्धीच ठेवून ताट सारलं. तिनं विचारलं, "भाजी आळणी झाली काय?" म्या म्हटलं, "नाही." आयुष्यात पहिल्यांदा तिच्या भाजीले नाव ठेवलं नाही.

रविवारी सकाळी अंगणात कपिलचा व्हिडिओ कॉल आला. दीपमालेनं जहाज मोबाईलसमोर धरलं.

"काय हे दीपा! जहाज आहे का केळाचं सालटं? मी चीफ साहेबाले दाखवणार होतो."

"वाकलं थोडं."

"थोडं? राहू दे आता. भर खोक्यात अन् टाक माळ्यावर. तुझ्यानं नाही होत ते."

"बरं," ती म्हणाली. खोकं जवळच होतं. तिनं फोन ओट्यावर टेकवला अन् उरलेल्या कोऱ्या पट्ट्या गोळा करून आत ठेवू लागली. एकेक पट्टी सरळ करून ठेवत होती. डोळे कोरडे, पण खालचा ओठ दातात धरलेला. मले कळलं, हे खोकं एकदा माळ्यावर गेलं का ते पुन्हा उतरत नाही.

म्या फोन उचलला.

"कपिल. ते म्या केलं."

"हॅलो? माय, आवाज कटून राह्यला. काय केलं?"

"जहाज म्या वाकडं केलं!"

"काय खाल्लं?"

"वाकडं केलं रे! म्या! उन्हात ठेवलं! तुझ्या बायकोनं नाही, म्या केलं अन् तिचं नाव सांगतलं!"

मी ओरडत होती. पलीकडं हापशाचा खटखट आवाज बंद झाला. भिंतीवरून रुखमाबाईचं डोकं वर आलं, बाजूले अजून एक आलं. फोनवर कपिल उघड्या तोंडानं थिजला होता. मंग नेट जाऊन तोही गेला. पडद्यावर नुसतं माझंच तोंड दिसू लागलं, लाल झालेलं, पदर खांद्यावरून घसरलेला. म्या फोन पालथा केला.

एरवी अशा वेळी मीच काहीतरी फेकते अन् लोक हसतात. आज मी दीपमालेकडं वळली.

"ऐकलं असन काय त्यानं?" म्या दीपमालेले विचारलं.

"माहीत नाही."

साऱ्या गल्लीनं ऐकलं, ज्याले सांगायचं त्यानंच ऐकलं नसन तर? पोराच्या मनात बायको नालायक ती नालायकच राहाची.

"पुन्हा लाव."

"राहू द्या आई."

"लाव म्हणते ना!"

तिनं पट्ट्या खाली ठेवल्या, हात पुसले अन् फोन लावला. रुखमाबाई फाटक लोटून आत आली, ओट्याच्या पायरीवर ऐसपैस बसली. तिले हाकलायचं माझं तोंड राह्यलं नव्हतं. रिंग जात होती. म्या पदर सावरला अन् रुखमाबाईदेखत फोनसमोर उभी राह्यली, पुन्हा सांगाले.