वळणापर्यंतची गाडी

दोघा भावांचा मधाचा धंदा वडिलांपासून चालत आलेला. थोरल्याला सगळे दादाच म्हणत आणि धाकट्याला वकील. धाकट्याने कोर्टाची पायरी कधी चढली नव्हती, पण कुठलीही गोष्ट तो अशी मुद्देसूद मांडायचा की समोरच्याला मान डोलावण्यावाचून गत्यंतर नसे. माश्या दादाच्या आणि बाकीचं सगळं वकिलाचं, अशी वाटणी न बोलताच झाली होती. दुकानदार, बाटल्या, लेबलं, गाडीची कागदपत्रं वकील बघायचा. दादा सकाळी माश्यांच्या पेट्यांकडे जायचा आणि संध्याकाळी कपड्यांना धुराचा वास घेऊन परत यायचा.

जुन्या पिकअपचा सांगाडा गंजून गेला, मेस्त्रीने हात टेकले, तेव्हा नवी गाडी घ्यायचं ठरलं. त्या वेळी दादाने एकच गोष्ट सांगितली. "चारी चाकं ओढणारी घेऊ या. वरचा चढ आहे ना."

वरचा चढ म्हणजे टेकडीवरच्या चाळीस पेट्यांकडे जाणारी वाट. शेवटच्या वळणापासून पेट्यांपर्यंत जेमतेम चारशे पावलं, पण सगळी चिकणमाती. आणि तिथलं रान फुलायचं तेही नेमकं ओल असतानाच.

नीट विचार करून ठरवू, असं वकील म्हणाला, आणि त्याने खरोखरच नीट विचार केला. गाडीच्या प्रत्येक फेरीची नोंद त्याच्या डायरीत असायची. मागच्या तीन वर्षांत गाडी अडकल्याच्या नोंदी निघाल्या नऊ. मेस्त्रीला विचारलं, तर तो म्हणाला, फोर व्हीलची गाडी जड, डिझेल जास्त पिते, आणि जेवढे सांधे जास्त तेवढी दुखणी जास्त. शोरूममधल्या विक्रेत्याने मोठ्या कौतुकाने गिअरशेजारचं, चारी चाकं जोडणारं बटण फिरवून दाखवलं. वकिलाने त्यालाच विचारलं, गाडी घेऊन गेल्यावर किती लोक हे बटण फिरवतात? विक्रेता नुसता हसला. वकिलाला तेवढं पुरलं.

रविवारी जेवणं झाल्यावर त्याने सगळं दादापुढे मांडलं. तीन वर्षांत नऊ वेळा, त्यासाठी रोज एवढं लोढणं ओढत फिरायचं का? चांगले टायर घेऊ, हौद्यात वाळूची दोन पोती टाकू, काम भागेल. वहिनी ताटं उचलता उचलता ऐकत उभी होती. दादाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू बघितलंयस म्हणजे बरोबरच असेल."

दादाला पटलं, असं वकिलाला वाटलं.

दोनच चाकं ओढणारी गाडी आली. पुढच्या सहा वर्षांत डायरीत गाडी अडकल्याची एकही नोंद पडली नाही. वकील हे चारचौघांत सांगायचा. मेव्हण्याला पिकअप घ्यायची होती, तेव्हा त्यालाही डायरी उघडून दाखवली. मेव्हण्यानेही तसलीच घेतली.

मग दादाचे गुडघे दुखायला लागले. आधी जिना उतरताना, पुढे पुढे खुर्चीतून उठतानाही. तेल चोळून झालं, पट्टे बांधून झाले. शेवटी वहिनीने हट्ट धरला आणि वकील दोघांना दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडावर धरला. गुडघ्यांतली गादी पार झिजलीय म्हणाल्या, आणि विचारलं, पाठीवर ओझं घेऊन चढ-उतार करावी लागते का?

"थोडीफार," दादा म्हणाला.

"थोडीफार नाही, डॉक्टर," वहिनी म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "गाडी खाली वळणावर लावतात. तिथून सगळं पाठीवर. पेट्यांचे रिकामे लाकडी कप्पे वर न्यायचे, मधाने भरलेले खाली आणायचे. हंगामभर. सहा वर्षं झाली."

वकील दाराशी एक्स-रेचं पाकीट धरून उभा होता. डॉक्टरीणबाईंनी पुढे काय औषधं सांगितली, ते त्याला नंतर आठवेना.

घरी आल्यावर त्याने दादाला विचारलं. दादा सांगायला नाखूश होता, पण सांगितलं. पहिल्याच हंगामात त्याने गाडी चढावर घातली होती. मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडी आडवी होऊन मागे घसरत गेली. कडेपासून वीतभर अंतरावर थांबली. त्यानंतर त्याने ती वर नेलीच नाही.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"आलो होतो सांगायला."

आणि वकिलाला ते आठवलं. शेडमध्ये तो बाटल्यांना लेबलं चिकटवत बसला होता. दादा येऊन उभा राहिला होता, त्या वळणावर गाडी जरा, असं काहीतरी म्हणाला होता. वकिलाने मान वरही केली नव्हती. टायरमधली हवा थोडी कमी कर, पहिल्या गिअरमध्ये ठेव, ब्रेक मारू नकोस, असं दहा मिनिटं ऐकवलं होतं. दादा बरं म्हणून गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकील एकटाच टेकडीवर गेला. वळणावर झाडाखाली गाडीच्या तेलाचा काळा डाग पडला होता, सहा वर्षं एकाच जागी गाडी लावल्याचा. तिथून वर चढताना त्याला पायऱ्या दिसल्या. दादाने चपटे दगड शोधून, चिकणमातीत पाऊल घसरू नये म्हणून पावलापावलाच्या अंतरावर ते रोवले होते. वाटेत तीन ठिकाणी कमरेएवढे दगडी ओटे रचले होते, ओझं टेकवून दम खायला. वरच्या ओट्याचा दगड लाकूड घासून घासून गुळगुळीत झाला होता. वकिलाने भरलेला एक कप्पा उचलून खाली आणला. तिन्ही ओट्यांवर तो थांबला. वळणावर पोचल्यावर तो झाडाखाली बसलाच, आणि हा फक्त एक कप्पा होता. डायरीत गाडी अडकल्याची नोंद पडत होती. माणसाची नोंद ठेवायचं त्याला कधी सुचलंच नव्हतं.

महिन्याभरात त्याने गाडी बदलली. या वेळी ना मेस्त्रीला विचारलं, ना डायरी उघडली. दादाला शेजारी बसवून तो टेकडीवर गेला. वळणावर बटण फिरवलं, आणि गाडी ओल्या मातीतून कण्हत, पण न थांबता वर गेली. दोन मिनिटंही लागली नाहीत.

दादा काचेतून मागे बघत राहिला. "एवढंसंच आहे होय," तो म्हणाला.

वकिलाने इंजिन बंद केलं. बोलायचं बरंच ठरवून आला होता, पण "दादा, माझं चुकलं," एवढंच निघालं.

दादाने त्याच्या गुडघ्यावर थोपटलं, आणि दार उघडून सावकाश, दोन्ही हातांनी धरून खाली उतरला. पेट्यांपाशी वाकायला गेला, पण वाकता येईना. उकिडवं बसण्याचा तर प्रश्नच नव्हता. थोडा वेळ उभ्यानेच एका पेटीच्या झाकणावर हात ठेवून आतली गुणगुण ऐकली आणि परत येऊन गाडीत बसला.

पुढच्या वर्षी टेकडीवरच्या पेट्या दुसऱ्या कुणाकडे सोपवायचं त्यांनी ठरवलं. पलीकडच्या खोऱ्यातली एक मधवाली बाई बघायला आली. उंच, उन्हाने रापलेली, हातात वही घेतलेली. अंगणात खुर्ची टाकून ती दादासमोर बसली आणि तिने पहिलाच प्रश्न विचारला, की तिच्याकडे साधी पिकअप आहे, ती चालेल का?

दादा बोलायला लागला. कोणत्या आठवड्यात माती धरते आणि कोणत्या आठवड्यात सोडते, सकाळचं दव वाळेपर्यंत किती थांबायचं, कडेचा कुठला भाग पोकळ आहे, गाडी भरलेली असताना काय होतं आणि रिकामी असताना काय. ती मध्येमध्ये विचारत होती, आणि पुढच्या उत्तरासाठी थांबत होती. तासभर तरी दादा बोलत होता.

वकील पेट्यांचं सामान गाडीत चढवत होता. हातातली चौकट खाली ठेवून तो तिथेच हौद्याच्या कडेला टेकला आणि ऐकत राहिला. भावाला सलग एवढं बोलताना त्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं.