परास्काच्या चुलीतली राख

मी एक जुना किरणमापक आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेलो आहे. युक्रेनच्या उत्तरेला, जंगलाकाठच्या गावात, परास्का नावाच्या म्हातारीच्या घरात माझी हयात गेली.

माझ्या पोटात एक बारीक नळी आहे. तिच्यात किरण शिरला की मी टिक करतो, एवढंच माझं काम. अणुभट्टी फुटली त्या वर्षी परास्काच्या नवऱ्याने मला आणलं. तेव्हा माझा काय थाट होता! अळंबी, गवत, लाकडं घेऊन गाव माझ्यापुढे उभं राहायचं. पुढे तपासायला येणारे साहेब यायचे थांबले, नवरा वारला आणि लोक माझ्या टिकटिकीलाच वैतागले. चोर सोडून संन्याशाला फाशी! परास्काने माझे सेल काढले आणि मला लोणच्याच्या बरण्यांमागे कोंबलं.

तिथून मी मुकाट्याने बघत होतो. फुटलेल्या भट्टीतून उडालेलं किरणोत्सारी सीझियम जंगलात मुरलं होतं, आणि त्याच जंगलातली लाकडं चुलीत जायची. राख बटाट्यांच्या वाफ्यात जायची. उरलेल्या गरम राखेत नातीसाठी, झ्लातासाठी, बटाटे भाजले जायचे. आगीत सगळं शुद्ध होतं म्हणे!

मित्रांनो, काय डोंबल शुद्ध होतं? अणूच्या मधोमध केंद्रक असतं, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची घट्ट मोळी. सीझियमच्या काही अणूंची ही मोळी नीट बसलेली नसते. ती केव्हातरी स्वतःच बदलते आणि किरण बाहेर फेकते. तीस वर्षांत निम्मी केंद्रकं बदलतात, पुढच्या तीस वर्षांत उरलेल्यांतली निम्मी. चुलीची आग फक्त अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांपर्यंत पोचते. केंद्रकाला तिचा चटकासुद्धा बसत नाही.

एका हिवाळ्यात सून उल्याना हिने मला शोधून काढलं आणि नवे सेल घातले.

"आई, ही राख वाफ्यात टाकू नका."

"चार बुकं शिकलीस म्हणून मला चूल शिकवतेस? आगीत सैतानसुद्धा जळतो. तुझं ते सीझियम कोण टिकोजीराव लागून गेलंय?"

उल्यानाने मला ओंडक्याजवळ धरलं. मी सावकाश बोललो. मग राखेच्या बादलीजवळ धरलं, आणि माझी टिकटिक थांबेना.

"म्हातारं झालंय ते. बरळतंय," परास्का म्हणाली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बरळतो?

"आई, गाडीभर लाकूड जाळलंत. लाकूड गेलं, धूर गेला, बादलीभर राख उरली. त्या गाडीभर लाकडातलं सीझियम आता बहुतेक सगळं या बादलीत बसलंय."

परास्काने बादलीत डोकावून पाहिलं. एवढ्यात तिचं लक्ष झ्लाताकडे गेलं. पोरगी राखेने माखलेला बटाटा तोंडाला लावत होती. म्हातारीने तो हिसकावला.

"आजी, माझा आहे तो!" झ्लाताने भोकाड पसरलं.

परास्का तशीच उभी राहिली. "सूनबाई, मग इतकी वर्षं मी घरादाराला काय खाऊ घातलं गं?"

उल्यानाने झ्लाताला जवळ ओढून तिचे राखेचे हात पुसले. मी मात्र टिकटिकत राहिलो, कारण मला दुसरं काही येत नाही.

मित्रांनो, त्या म्हातारीवरचा माझा राग तिथेच गेला. पण राखेचं हे सगळं ज्या तपासणाऱ्या साहेबांना ठाऊक होतं आणि तिला न सांगता जे गाड्यांत बसून निघून गेले, त्यांच्यावरचा राग जाणार नाही. तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं कटकटं यंत्र असेल, तर त्याचे सेल काढू नका. ते काय सांगतंय ते समजून घ्या, आणि चुलीपाशी बसलेल्या माणसाला वेळेवर सांगा.